आपल्या नाशिक जिल्ह्यातील आरोग्यसेवा : मूल आजारी पडलं तर कुठे जायचं?



तिसरीच्या परिसर अभ्यासात आपण मुलांना आपला जिल्हा शिकवतो. नद्या, किल्ले, पिके सगळं पाठ होतं. पण आपल्या गावासाठी दवाखाना कोणता, तिथे काय मिळतं, हे किती घरांत माहीत असतं? म्हणून आजचा हा लेख.

सरकारी दवाखान्याच्या पायऱ्या

१. उपकेंद्र : साधारण ५,००० लोकसंख्येला एक. सुरगाणा, पेठसारख्या आदिवासी डोंगराळ भागात ३,००० ला एक. इथे लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि किरकोळ औषधे मिळतात. आशाताई आणि सिस्टर हीच आपली पहिली ओळख.

२. प्राथमिक आरोग्य केंद्र : ३०,००० लोकसंख्येला एक, आदिवासी भागात २०,००० ला. इथे एमबीबीएस डॉक्टर असतात, बाळंतपण होतं.

३. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय : इथे भरती करण्याची मोठी सोय असते. कळवणला उपजिल्हा रुग्णालय आहे, मालेगावला सामान्य रुग्णालय आहे.

४. जिल्हा रुग्णालय, नाशिक : ज्याला आपण सगळे 'सिव्हिल' म्हणतो ते.

५. संदर्भ सेवा रुग्णालय, शालिमार : हृदय, किडनी, कॅन्सर अशा मोठ्या आजारांसाठी.

पहिल्या दोन पायऱ्या जिल्हा परिषद चालवते, वरच्या राज्य शासन. नाशिकरोडचं बिटको आणि द्वारकेजवळचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय ही मात्र महापालिकेची. हा फरक का लक्षात ठेवायचा? कारण राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत झाले. हा निर्णय त्या विभागापुरताच आहे.

शाळेतील तपासणीची चिठ्ठी

आता आपल्या कामाचा खरा मुद्दा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मतःचे दोष, जीवनसत्त्वांची कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर या चार गोष्टी ते पाहतात. शंका आली की पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी देतात.

ही चिठ्ठी पुष्कळदा दप्तरातच राहते. आई-वडील मजुरीला जातात, दिवस बुडवणं परवडत नाही. त्यात 'ऑपरेशन' शब्द ऐकला की घर घाबरतं. पण हृदयाला छिद्र असलेलं मूल वरून ठीकठाक दिसू शकतं. फक्त खेळताना लवकर दमतं, वजन वाढत नाही. ठरलेल्या मुदतीत उपचार झाले तर तेच मूल इतरांसारखं पळू शकतं. या कार्यक्रमात पुढचे उपचारही मोफत असतात, हे पालकांना आपणच सांगायला हवं.

शिक्षकांनी एक साधी वही ठेवावी : मुलाचं नाव, चिठ्ठीची तारीख, कुठे पाठवलं, गेले का? पंधरा दिवसांनी परत विचारावं. गेले नसतील तर आशाताईंना सोबत घेऊन घरी जावं.

अडीअडचणीत

- १०८ : तातडीची रुग्णवाहिका, मोफत (राज्यात २०१४ पासून).
- १०२ : गरोदर माता व नवजात बाळासाठी.
- साप चावला तर : चावलेला अवयव हलू देऊ नका. चिरा देऊ नका, घट्ट दोरी बांधू नका. भगताकडे वेळ न घालवता १०८ लावा आणि थेट दवाखाना गाठा.
- कुत्रा चावला तर : साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे जखम धुवा. हळद, मिरची लावू नका. त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा आणि सगळे डोस पूर्ण करा.

वर्गासाठी उपक्रम

मुलांना घरून तीन गोष्टी विचारून आणायला सांगा : आपलं उपकेंद्र कोणतं, आशाताईंचं नाव काय, जवळचं आरोग्य केंद्र किती दूर? उत्तरांवरून फळ्यावर गावाचा नकाशा काढा. मुलांच्या निमित्ताने घरीही ही चर्चा होईल, आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर कुठे जायचं हे घरात सगळ्यांना माहीत असेल.

लेख आवडला तर पालकांच्या ग्रुपवर जरूर पाठवा.