भरल्या घरचे हात

दिवाळीच्या तोंडावर बऱ्हाणपुरात साड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. शाहपूर, नेपानगर, इकडे पार रावेरचं गिऱ्हाईक. गादीवरचा माणूस एकेक घडी मोडत जातो आणि बघता बघता तीस-चाळीस साड्यांचा ढीग होतो. त्यातली एक पदराआडून पिशवीत गेली, तर घड्या पुन्हा रचून होईपर्यंत पत्ता लागत नाही. तोवर मालकाची नजर मात्र विटक्या लुगड्यातल्या बाईवर. पाटल्या घातलेल्या वहिनींसाठी चहा सांगितलेला असतो.

ही नजर चुकते. अमेरिकेत 2001-02 साली सुमारे 43 हजार प्रौढांची पाहणी झाली. त्यात 11 टक्क्यांहून अधिक लोकांनी कधी ना कधी दुकानातून वस्तू उचलल्याचं कबूल केलं. आणि हे प्रमाण शिकल्यासवरल्या, बऱ्या कमाईच्या लोकांत जास्त निघालं. राष्ट्राध्यक्ष बुश यांचे देशांतर्गत धोरणाचे सल्लागार क्लॉड ॲलन दुकानातून वस्तू विकत घेऊन गाडीत ठेवत, पावती घेऊन परत येत, तीच वस्तू फळीवरून उचलत आणि पैसे परत मागत. 2006 साली त्यांनी गुन्हा कबूल केला.

अशा वेळी ‘क्लेप्टोमेनिया असेल हो’ म्हणून बाजू सावरली जाते. पण ॲलनसारखी आखणी या आजारात नसते. खऱ्या रुग्णाला वस्तूची गरज नसते, किमतीचा मोह नसतो, कुणावर सूडही उगवायचा नसतो. उचलण्याआधी जिवाची घालमेल वाढत जाते, उचलताक्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि मग शरम खाऊ लागते. वस्तू कपाटाच्या तळाशी पडून राहते, कुणाला देऊन टाकली जाते, कधी गुपचूप दुकानात परत ठेवली जाते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनुसार एकूण लोकसंख्येत असे रुग्ण 0.3 ते 0.6 टक्के, पकडल्या गेलेल्या दुकानचोरांत 4 ते 24 टक्के. म्हणजे पकडलेल्या चारांतल्या तिघांना तरी हा आजार नसतोच.

तरी श्रीमंताला तो चटकन लाभतो, आणि याला जुना इतिहास आहे. स्विस डॉक्टर आंद्रे मॅथी यांनी 1816 साली या विकाराला नाव दिलं. पुढे पॅरिसमध्ये मोठाली दुकानं थाटली गेली आणि खात्यापित्या घरच्या बायका लेस चोरताना सापडू लागल्या. एमिल झोलाने 1883च्या कादंबरीत अशी एक काउंटेस रंगवली आहे. 1896 साली लंडनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चहाच्या बड्या व्यापाऱ्याची बायको, एला कॅसल, पकडली गेली. ट्रंकांत चोरीच्या वस्तू सापडल्या. तीन महिन्यांची शिक्षा झाली, आणि आजारी म्हणून थोड्याच दिवसांत सुटकाही झाली.

त्याच ब्रिटिश राजवटीचा 1871चा गुन्हेगार जमाती कायदा तेव्हा हिंदुस्थानात लागू होता. त्याच्या यादीत जमात चढली की पोर जन्मतःच चोर! पोलिसांत हजेरी, गाव सोडायला परवानगी. तो कायदा 1952 साली गेला, संशय गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (1987) वाचलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. एकीला डॉक्टर आणि दुसरीला फौजदार, हा न्याय आपण अजून चालवतो.

1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303मध्ये एक चांगली सोय आहे: माल पाच हजारांच्या आतला, दोष पहिल्यांदाच सिद्ध झालेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. मात्र माल ठेवण्याच्या इमारतीतली चोरी म्हणून कलम 305 लावलं, तर सात वर्षांपर्यंत कैद. वेडाचा बचाव क्लेप्टोमेनियाला सहसा लागू पडत नाही, कारण आपण करतोय ते वाईट आहे हे रुग्णाला पुरतं ठाऊक असतं. सरकारी नोकराला 48 तासांहून जास्त कोठडी झाली की निलंबन. म्हणून पांढरपेशांची प्रकरणं गल्ल्यावरच मिटवण्याची धडपड होते. चोरी मिटते, आजार असेल तर तो तसाच राहतो.

उपचार आहेत. मिनेसोटा विद्यापीठात 25 रुग्णांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत (2009) दारूचं व्यसन सोडवण्यासाठी वापरलं जाणारं नाल्ट्रेक्सोन उपयोगी पडलं. चोरीची ऊर्मी कमी झाली. वर्तनोपचारही केले जातात.

दुकानदारांनो, सीसीटीव्हीचं तोंड सगळ्यांकडे सारखं ठेवा. आणि घरातल्या कुणाच्या कपाटात किमतीच्या चिठ्ठ्यांसकट, न वापरलेल्या वस्तू सापडू लागल्या तर आरडाओरडा न करता मनोविकारतज्ज्ञ गाठा. निदान सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो.