पुणं सोडून कंधारला यावं का? भाड्यापलीकडचा हिशोब

पुण्या-मुंबईत पोटापाण्यासाठी राहणाऱ्या, मूळच्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधार, लोहा, मुखेडच्या घरांत हा विषय दर जूनला निघतो. शाळेची फी भरायची असते, घरमालक भाडं वाढवून मागतो आणि गावाकडं आई-वडील दोघंच असतात. ‘जाऊ या की गावाकडं’ असं कोणीतरी म्हणतं. जाण्याचा निर्णय बरोबर ठरू शकतो, राहण्याचाही. ऐकीव गोष्टींवर घेतला तर मात्र घर दोन्हीकडून अडचणीत येतं. म्हणून नेहमी कानावर येणारे काही समज तपासून घेऊ.

गैरसमज : गावाकडं सगळंच स्वस्त असतं.
वस्तुस्थिती : स्वस्त असते ती मुख्यतः जागा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता पाहा. जानेवारी 2024 पासून मुंबई-पुण्यात तो मूळ पगाराच्या 30 टक्के, नांदेड-वाघाळ्यात 20 टक्के आणि कंधारसारख्या गावात 10 टक्के आहे. भाड्यातली ही तफावत खरीच मोठी आहे. पण महावितरणचा घरगुती विजेचा दर पुण्यात जो, तोच कंधारात. मोबाईलचा रिचार्ज तोच, औषधाच्या पाकिटावरची किंमतही तीच. पेट्रोल आणि गॅस सिलिंडर तर नांदेड जिल्ह्यात बहुतेक वेळा मुंबईपेक्षा महाग पडतात, कारण लांबून आणण्याचा खर्च दरात धरलेला असतो.

समजा, पुण्यात पगार 45 हजार आणि भाडं 16 हजार आहे. कंधारला घर स्वतःचं, पण पगार 24 हजार. भाड्याचे 16 हजार वाचले, मिळकत 21 हजारांनी घटली. दरमहा 5 हजारांची तूट आली. घरून करायचं काम, बदली, पेन्शन किंवा जम बसलेला धंदा असेल, तरच गावातली स्वस्ताई पदरात पडते. आधी मिळकत ठरवा, मग टेम्पो.

गैरसमज : जमीन स्वस्त आहे, लगेच घेऊन टाकावी.
वस्तुस्थिती : मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, 1950 लागू आहे. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घरासाठी प्लॉट घेताना तो बिनशेती (एनए) झाला आहे का, हे कागदावर पाहावं लागतं. ‘एनए होणारच आहे’ या शब्दावर पैसे देऊ नयेत. निजामाच्या काळातल्या इनामी जमिनी या भागात बऱ्याच आहेत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 असेल, तर विक्रीला बहुधा आधी परवानगी लागते. ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. बँकेचा बोजा, वहिवाटीचा हक्क, इनामाचा शेरा तिथंच सापडतो. वडिलोपार्जित घर असेल, तर वारसांची नोंद झाली आहे का, हेही बघा. चुलत्यांशी बसून हे बोलणं सामान हलवण्याआधी व्हायला हवं.

गैरसमज : मुलांचं शिक्षण बुडतं.
वस्तुस्थिती : नीटच्या तयारीसाठी राज्यभरातली मुलं लातूर आणि नांदेडलाच येतात. कंधारात माजी आमदार भाई केशवराव धोंडगे यांच्या पिढीनं शिक्षणसंस्था उभ्या केल्या, म्हणून महाविद्यालयापर्यंतचं शिक्षण गावातच होतं. अडचण वेगळी आहे. अकरावी-बारावीला मूल लातूर किंवा नांदेडला ठेवलं, तर क्लासची फी आणि खोलीचं भाडं मिळून वाचलेलं भाडं पुन्हा बाहेर जातं. सीबीएसईतून राज्य मंडळात किंवा इंग्रजीतून मराठी माध्यमात आणायचं असेल, तर ते नववी-दहावीच्या आधी करावं. टीसी मिळायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, ही तरतूद शिक्षण हक्क कायद्यात आहे.

गैरसमज : गावाकडं दवाखाना नाही.
वस्तुस्थिती : दवाखाने आहेत, मोठ्या आजाराला मात्र नांदेड गाठावं लागतं. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरीला, म्हणजे कंधारकडून जाताना शहराच्या अलीकडंच आहे. तरी कंधार-नांदेड अंतर 50 किलोमीटरच्या आसपास, आणि कंधारला रेल्वे नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या रुग्णालयातच चालतं. घरात डायलिसिसचा, हृदयविकाराचा किंवा केमोथेरपी चालू असलेला माणूस असेल, तर नांदेड शहरात घर घेणं शहाणपणाचं. पुण्याचा खर्च सुटतो आणि गावही जवळ राहतं.

गैरसमज : मराठवाड्यात पाणीच नाही.
वस्तुस्थिती : एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे खरं. कंधारजवळ मात्र मन्याड नदी आहे, बारूळ आणि लिंबोटीची धरणं आहेत, ‘जगत्तुंग समुद्र’ हा राष्ट्रकूटकाळातला तलावही आहे. उलट ऑगस्ट 2025 मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टीनं माणसं दगावली. त्यामुळे मराठवाड्याबद्दलची सरसकट विधानं सोडा आणि ज्या गल्लीत राहणार, तिथं चौकशी करा : मे महिन्यात नळाला किती दिवसांआड पाणी येतं, बोअर आटतो का, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं.

गैरसमज : एकदा शहर सोडलं की परतीची वाट बंद.
वस्तुस्थिती : पुण्यातला फ्लॅट विकण्याऐवजी भाड्यानं देता येतो. पीएफचं खातं जुन्याच यूएएनवर पुढच्या नोकरीत नेता येतं. कायमच्या नोकरीत ग्रॅच्युइटीला साधारणपणे 5 वर्षांची सलग सेवा लागते. तिला थोडेच महिने कमी असतील, तर राजीनामा पुढं ढकला. पहिलं वर्ष तात्पुरतं समजा. त्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा गावात काढा, मग फ्लॅटचं बघा.

या हिशोबात एक रकाना बहुतेक घरं कोरा ठेवतात. पुण्यात कमावणाऱ्या बाईची नोकरी गावाकडं आल्यावर सुटते, आणि सासू-सासऱ्यांची सेवा, पाणी भरणं, पाहुणेरावळे तिच्याच वाट्याला येतात. तिचा पगार घटीच्या बाजूला मांडा. तिला कंधारात किंवा नांदेडात कोणतं काम मिळेल, हे नवऱ्याच्या नोकरीइतक्याच नेटानं शोधा. आणि तिनं ‘नको’ म्हटलं, तर तो निर्णय समजा. जी येणार तिच्या मनाविरुद्ध हलवलेलं घर कोणत्याच गावात स्वस्त पडत नाही.