लांबच्या प्रवासाचा जमाखर्च : आगगाडी, मोटार कीं विमान ?

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील शेतकऱ्यांस हल्लीं दूरचा प्रवास वरचेवर करावा लागतो. कोणी डाळिंब-द्राक्षांची परप्रांतांतील पेठ पाहण्यास जातो, कोणी आईवडिलांस काशीयात्रा घडवितो, तर कोणी नवी दिल्लीस पुसा येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेच्या कृषिविज्ञान मेळ्यास जातो. बैलजोडी घेतांना चार बाजार पाहणारा आमचा शेतकरी प्रवासाचा खर्च मात्र तिकिटावरील आकड्यावरून ठरवितो, किंवा मुळींच न ठरवितां दारांतली जीप काढतो. आम्हांस महसूल खात्यांतील कारकुनीमुळें प्रत्येक बाब तिच्या सदराखालीं मांडण्याची संवय आहे. त्या रीतीनें हा हिशेब वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम भाड्याचें तत्त्व समजून घ्यावें. एस. टी.चें भाडें टप्प्यांवर आकारतात. टप्पा ६ किलोमीटरचा असून साध्या गाडीचा दर २५ जानेवारी २०२५ पासून टप्प्यास १० रुपये ५ पैसे असा ठरला. पहिला टप्पा काय आणि शंभरावा काय, दर तोच. आगगाडीचें तसें नाहीं. तेथें अंतर जसजसें वाढतें तसतसा दर किलोमीटरचा आकार उतरत जातो. सबब जवळच्या प्रवासांत आगगाडी व एस. टी. यांत फारसें अंतर पडत नाहीं. दूरच्या प्रवासांत तें जमीनअस्मानाचें होतें.

उदाहरण दिल्लीचेंच घेऊं. दौंडहून मनमाड, भुसावळ, भोपाळ या मार्गानें नवी दिल्ली सुमारें १५०० किलोमीटर पडते. पुण्याहून निघणारी झेलम एक्सप्रेस याच मार्गानें जाते. शयनयान वर्गाचें, म्हणजे ज्यास आपण स्लीपर म्हणतों त्याचें, भाडें सातशें रुपयांच्या आंतबाहेर धरावें. म्हणजे किलोमीटरला सत्तेचाळीस पैशांहून अधिक पडत नाहीं. एवढेंच अंतर एस. टी.च्या साध्या दरानें मोजलें तर २५० टप्पे होतात व आकार २,५१२ रुपये ५० पैसे येतो. १ जुलै २०२५ रोजीं किलोमीटरमागें १ पैसा व २६ डिसेंबर २०२५ रोजीं २ पैसे अशी मेल-एक्सप्रेसच्या साध्या डब्यांची भाडेवाढ झाली, तिचा गवगवा पुष्कळ झाला. परंतु १५०० किलोमीटरांवर ती वाढ सारी मिळून ४५ रुपये होते, हेंही ध्यानांत ठेवावें.

या तत्त्वावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. तिकीट शक्यतों तोडूं नये. दौंड ते मनमाड एक, तेथून भोपाळ दुसरें, पुढें दिल्ली तिसरें, अशीं तिकिटें काढल्यास प्रत्येक तुकड्याचा हिशेब पहिल्या, म्हणजे चढ्या दरापासून सुरू होतो, आणि आरक्षणाचे २० रुपये दर वेळीं निराळे पडतात. सारखे तीन तुकडे केल्यास सातशेंचा खर्च नऊशेंच्या घरांत जातो. वाटेंत मुक्काम करणें असल्यास ५०० किलोमीटरांहून लांबच्या तिकिटावर, तितका प्रवास झाल्यानंतर, एकदां उतरण्याची मुभा आहे; १००० किलोमीटरांहून लांबच्या तिकिटावर दोनदां. राजधानीसारख्या गाड्यांस हा नियम लागू नाहीं. खिडकीवर तिकीट काढतांनाच उतरण्याचें स्टेशन सांगावें.

आतां दुसरें सदर, घरापासून स्टेशनापर्यंतचें. बारामतीस १९१४ सालापासून दौंडचा फांटा आहे. तो प्रथम अरुंदमापी होता, पुढें रुंदमापी झाला. त्यावरील पॅसेंजर गाडी मिळाली तर दौंड गांठण्यास अत्यल्प खर्च येतो. एस. टी.नें तेंच अंतर ८ टप्पे, म्हणजे ८० रुपये ४० पैसे होतें. इंदापूर गांवास आगगाडी नाहीं. तालुक्यांत भिगवण हें सोलापूर मार्गावरील स्टेशन आहे, पण लांब पल्ल्याच्या फार थोड्या गाड्या तेथें थांबतात. म्हणून इंदापूरकरांस बहुधा दौंडच गांठावें लागतें. हें अंतर सत्तर किलोमीटर धरल्यास १२ टप्पे, १२० रुपये ६० पैसे. येथें एक सूचना : दौंड जंक्शन व दौंड कॉर्ड लाइन हीं दोन निराळीं स्टेशनें आहेत. तिकिटावर कोणतें नांव आहे तें घरून निघण्यापूर्वीं पाहावें.

तिसरें सदर घरच्या मोटारीचें. लिटरला १५ किलोमीटर चालणारी जीप दिल्लीस जाण्यास १०० लिटर डिझेल पिते. लिटरचा भाव ९० रुपये धरला तर ९,००० रुपये झाले. पथकर, वाटेंतील मुक्काम व टायरांची झीज निराळी. सात माणसें बसलीं तरी माणशीं १,२८६ रुपये पडतात. पांचच बसलीं तर १,८००. तींच सात माणसें इंदापुराहून दौंडमार्गे आगगाडीनें गेलीं तर भाडें ४,९०० व एस. टी.चे ८४४ रुपये २० पैसे, एकूण ५,७४४ रुपये २० पैसे. म्हणजे जीप भरून नेली तरी दीडपटीहून अधिक खर्च आहे. “गाडी घरचीच आहे” हें म्हणणें म्हणूनच खरें नव्हे. घरचें धान्य खाल्लें तरी त्याची किंमत असतेच.

चौथें सदर वेळेचें, आणि विमानाचा विचार येथेंच करावा. आगगाडीस दिल्लीपर्यंत एक रात्र व एक दिवस लागतो. विमान पुण्याहून दोन-सवादोन तासांत पोहोंचवितें. त्याचें भाडें दिवसागणिक बदलतें. आगाऊ काढल्यास चार-पांच हजार धरावे, ऐन गर्दींत याहून बरेंच अधिक. सामान साधारणतः १५ किलो नेतां येतें. स्लीपरमध्यें ४० किलो फुकट नेतां येतें. जातां-येतां मिळून विमानानें दोन दिवस वांचतात व सुमारें आठ हजार रुपये अधिक जातात. म्हणजे एक दिवस चार हजारांस विकत घेतल्यासारखें झालें. उसाची तोड आली आहे किंवा द्राक्षाची छाटणी चालू आहे, अशा वेळीं मालकाच्या गैरहजेरीनें दिवसास याहून अधिक नुकसान होत असेल तर विमान महाग नव्हे. काम रिकामें असेल तर तो पैसा व्यर्थ होय.

वृद्धांविषयीं निराळें सांगणें अवश्य आहे. आगगाडींत ६० वर्षांवरील पुरुषांस शेंकडा ४० व ५८ वर्षांवरील स्त्रियांस शेंकडा ५० सूट होती, ती २० मार्च २०२० पासून बंद झाली. उलट एस. टी.नें ७५ वर्षांवरील वृद्धांस २०२२ सालीं फुकट प्रवास दिला, ६५ ते ७५ वर्षांच्या वृद्धांस निम्मा आकार ठेवला व १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस निम्मी सूट दिली. यामुळें राज्यांतल्या राज्यांत ३०० किलोमीटरांचा प्रवास ५०२ रुपये ५० पैशांऐवजीं सुमारें २५१ रुपयांत होतो. दौंड गांठण्याचा खर्च धरल्यास इतक्या अंतराला आगगाडीचा फायदा राहत नाहीं. वृद्ध जोडप्यास जवळच्या देवदर्शनास एस. टी.च बरी, काशीस मात्र पूर्ण भाडें देऊनही आगगाडीच स्वस्त.

शेवटचें सदर जागेचें. स्वस्त तिकिटाचा सारा लाभ पक्क्या जागेवर अवलंबून आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजीं ६० दिवस आधीं खुलें होऊं लागलें. ती संधि दवडली कीं तत्काळचा आधार घ्यावा लागतो. त्यास स्लीपरमध्यें १०० ते २०० रुपये व तिसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यांत ३०० ते ४०० रुपये जास्त पडतात, आणि जागा मिळेलच असेंही नाहीं. दिल्लीचा मेळा बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्यें भरतो. तारीख जाहीर होतांच साठ दिवस मागें मोजून पंचांगावर खूण करावी.

सारांश, जवळ जाणें असल्यास एस. टी., दूर जाणें असल्यास अखंड तिकिटाची आगगाडी, दिवस मोलाचा असल्यास विमान, आणि घरची मोटार जेथें आगगाडी पोहोंचत नाहीं तेथें. निघण्यापूर्वीं तिकीट, स्टेशनापर्यंतचा खर्च, खाणेंपिणें, सामान व मोडलेले दिवस अशीं पांच सदरें एका कागदावर मांडावीं. पाव घटकेचें काम आहे. त्यांत वांचलेल्या पैशांत बियाण्याची एखादी पिशवी सहज येईल.