नवा चेहरा, जुनीच ओळख

२०१८ साली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेतली शनाया बदलली. रसिका सुनीलच्या जागी ईशा केसकर आली. अमरावती-अकोल्याकडच्या घरांत ही मालिका जरा जास्तच आपुलकीनं पाहिली जाई, कारण तिची नायिका राधिका नागपूरची आणि बोलायचीही आपल्याच ढंगात. त्यामुळे शनायाचा निवाडाही आपल्याच बोलीत झाला : ‘थे पहिलीच बरी होती, हिच्यात थो ठसका नाई.’ २०२० मध्ये रसिका सुनील परत आली, तोवर अनेकांना ईशाची सवय होऊन गेली होती.

रंगभूमीला हा प्रकार जुनाच आहे. डिसेंबर १९७० मध्ये ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं तेव्हा अप्पा बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू. पुढे दत्ता भटांनीही तीच भूमिका केली आणि मग ‘लागूंचे अप्पा की भटांचे अप्पा’ हा वाद पिढीभर चालला. भक्ती बर्वे यांच्यानंतर ‘ती फुलराणी’ करायला उभ्या राहिलेल्या प्रत्येक अभिनेत्रीला पहिल्या प्रवेशापासून या मापाखालून जावं लागलं. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ म्हणजे लक्ष्मणराव देशपांडे, हे समीकरण इतकं पक्कं होतं की २००९ मध्ये ते गेल्यावर तो प्रयोग दुसरं कोणी करील असं अनेकांच्या मनातही आलं नसेल. संदीप पाठकांनी तो केला.

नाटकात मात्र एक सोय असते. नट बदलला तरी संहिता तीच राहते. शिरवाडकरांची तीच वाक्यं लागू म्हणणार आणि भटही, त्यामुळे तुलना करायला पायाखाली जमीन असते. पण नटाबरोबर वाक्यंही बदलली, स्वभाव बदलला, कपडे बदलले, चालणं-हसणं बदललं, आणि तरीही ‘हा तोच आहे, माना’ असं प्रेक्षकाला सांगितलं तर? मग तो जोखणार काय आणि कशाच्या आधारावर?

हा प्रश्न जगात सर्वांत जास्त वेळा ज्या मालिकेच्या प्रेक्षकांसमोर आला, ती म्हणजे बीबीसीची विज्ञानकथा मालिका ‘डॉक्टर हू’. तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला गेला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती, म्हणून पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दाखवावा लागला. त्या पहिल्या कथेचा दिग्दर्शक आपल्या लखनौत जन्मलेला होता, वारिस हुसेन. वय पंचविशीच्या आसपास. निर्मात्या व्हेरिटी लँबर्टही तरुण. या दोघांच्या हातून सुरू झालेली गोष्ट साठ वर्षं चालेल याची कल्पना तेव्हा बीबीसीतल्या कोणाला असणं शक्य नव्हतं.

गोष्ट साधी आहे. डॉक्टर हा परग्रहावरचा काळप्रवासी. बाहेरून निळ्या पोलिसपेटीसारख्या दिसणाऱ्या आणि आतून अफाट असलेल्या यानातून तो भूतकाळात, भविष्यात, दुसऱ्या ग्रहांवर फिरतो. बरोबर एखाददुसरा माणूस असतो. त्याचं खरं नाव कोणालाच माहीत नाही. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल : पांढऱ्या केसांचा, तिरसट, हट्टी आजोबा. मुलांना हे आजोबा फार आवडले. पण तीन वर्षांत हार्टनेल यांची प्रकृती खालावली, संवाद लक्षात राहीनात. मालिका लोकप्रिय होती, नायक थकला होता. सरळ उपाय होता मालिका बंद करण्याचा, किंवा दिसायला त्यांच्यासारखाच दुसरा म्हातारा शोधण्याचा.

निर्मात्यांनी तिसरा उपाय काढला. डॉक्टर माणूस नाहीच, तेव्हा त्याचं शरीर झिजलं की तो मरत नाही, नवं शरीर धारण करतो. ऑक्टोबर १९६६ मध्ये एका भागाच्या शेवटी हार्टनेल जमिनीवर कोसळले आणि प्रकाशाच्या झोतात त्यांचा चेहरा विरघळून तिथे पॅट्रिक ट्राउटन यांचा चेहरा आला. काळे विस्कटलेले केस, ढगळ कोट, घाबरट मुद्रा, हातात पावा. आजोबांच्या जागी एक भटका गारुडी.

ट्राउटन यांची पहिली कथा माझ्या मते दूरचित्रवाणीवरच्या लेखनातलं एक मोठं धाडस आहे. कारण लेखकानं प्रेक्षकाचा संशय गोष्टीतच आणून ठेवला. डॉक्टरबरोबर दोन तरुण असतात, बेन आणि पॉली. पॉली म्हणते, हाच तो. बेन म्हणतो, कशावरून? जुनी अंगठी या नव्या बोटात बसत नाही. नवा माणूस सरळ उत्तर देत नाही, पावा वाजवत बसतो. आणि मग ज्या शत्रूशी डॉक्टरचं हाडवैर, तो डॅलेक नावाचा यंत्रजीव समोर येतो आणि त्याला क्षणात ओळखतो. मित्राला पटेना, पण वैऱ्यानं ओळखलं. त्या डॅलेकनं बेनची शंका मिटवायला मदत केली आणि बेनबरोबर घरोघरच्या प्रेक्षकाचीही. तरी सगळ्यांची नाहीच. बीबीसी तेव्हा प्रेक्षकांचे अभिप्राय गोळा करी, त्यांत हा नवा माणूस विदूषकासारखा वाटतो अशा तक्रारी आहेतच.

आता या सहा भागांच्या कथेचं पुढे काय झालं ते पाहा. बीबीसीनं जुन्या चित्रफिती जागेसाठी आणि पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकल्या. साठच्या दशकातले ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग आज चित्ररूपात उपलब्ध नाहीत, आणि ट्राउटन यांच्या या पहिल्या कथेचा एकही पूर्ण भाग उरलेला नाही. तरीही ती कथा आपण आज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू शकतो. कारण भाग चालू असताना घरातल्या टीव्हीसमोर ध्वनिमुद्रक ठेवून काही पोरांनी आवाज टिपून ठेवले होते. सगळ्या हरवलेल्या भागांचा आवाज अशाच घरगुती मुद्रणांतून वाचला. संस्थेनं पुसलं, चाहत्यांनी राखलं.

इथे मला वऱ्हाडातलं, महानुभाव पंथाचं रिद्धपूर आठवतं. श्रद्धा आणि करमणूक एका तराजूत घालायच्या नसतात, हे मला ठाऊक आहे. महानुभावांसाठी श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर हे परमेश्वराचे अवतार आहेत, कोणा कथेतली पात्रं नव्हेत. मी बोलतोय ते त्यांच्याभोवती जमलेल्या माणसांबद्दल, त्यांच्या डोळ्यांबद्दल आणि स्मरणाबद्दल.

एकच चैतन्य दुसऱ्या देहात येणं ही कल्पना आपल्याकडे विज्ञानकथेच्या कितीतरी आधीची. परंपरा सांगते की द्वारकेच्या चांगदेव राऊळांनी देह ठेवला आणि भडोचच्या प्रधानपुत्र हरिपाळदेवाच्या मृत देहात प्रवेश केला. स्मशानात नेलेला तरुण उठून बसला. तोच पुढे घरदार सोडून रामटेकच्या यात्रेच्या निमित्तानं निघाला, वऱ्हाडात रिद्धपूरला आला, गोविंदप्रभूंना भेटला आणि चक्रधर झाला.

पण माझं लक्ष जातं ते पुढच्या प्रसंगाकडे. तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात चक्रधर उत्तरेकडे निघून गेले. शिष्य सैरभैर झाले. नागदेवाचार्यांची अवस्था तर जीव जाण्यासारखी झाल्याचं वर्णन आहे. चक्रधरांनी त्यांना रिद्धपूरची वाट दाखवून ठेवली होती : गोविंदप्रभूंच्या सेवेत राहा. त्याप्रमाणे नागदेवाचार्य, महदाइसा आणि इतर मंडळी या गावात आली.

आता या दोन व्यक्तींमधला फरक लक्षात घ्या. चक्रधर बोलणारे. शंका विचारावी, त्यांनी दृष्टान्त देऊन समजावावं, आचार सांगावा. गोविंदप्रभू तसं प्रवचन करत नसत. ते मुलांत खेळत, रागावत, हसत, कोणाच्याही घरात शिरून गाडग्यातलं काढून खात, आणि ते घर कोणत्या जातीचं हे पाहत नसत. गावातले काही त्यांना वेडे म्हणत, आणि अडल्यानडल्याला त्यांच्याचकडे आई-बापाकडे जावं तसं जात. चक्रधरांच्या वाणीची सवय झालेल्या शिष्यांना इथे वाणी मिळाली नाही, वागणं मिळालं. तेच वाचायला शिकावं लागलं. आज कशानं हसले, काल कशानं चिडले, काय खाल्लं, कोणाकडे पाहिलं. महदाइसेचे धवळे याच गावात, गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळातून जन्मले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो, ते या नव्या सहवासात तिनं मन उघडं ठेवलं म्हणून.

गोविंदप्रभूंच्या निधनानंतर म्हाइंभटांनी रिद्धपुरातच चक्रधरांच्या आठवणी जमवायला घेतल्या. ज्यांनी चक्रधरांना पाहिलं होतं त्यांना गाठायचं, प्रसंग कुठे घडला, तेव्हा कोण हजर होतं, नेमके शब्द काय होते ते विचारायचं, आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. यातून ‘लीळाचरित्र’ झालं. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी हरवली. मग ज्यांना ती पाठ होती त्यांनी आठवणीतून ती पुन्हा सांगितली. हिराइसेच्या स्मरणातला पाठ वेगळा, दुसऱ्यांचा वेगळा. ‘असं नव्हे, असं होतं’ हे म्हणणारी माणसं होती, म्हणूनच आज अनेक पाठ शेजारी ठेवून पाहता येतात.

मला जे म्हणायचं आहे ते हेच. नव्या चेहऱ्याला काटेकोरपणे जोखणारी माणसं आणि जुना चेहरा जपून ठेवणारी माणसं बहुतेक वेळा एकच असतात. ‘हा तो नाही’ म्हणणाऱ्याला आपण कटकट्या ठरवतो. पण तुलना करायला आधी आठवण लागते, आणि नीट आठवण ठेवणारा माणूस कुठल्याही दीर्घ परंपरेला फार मोलाचा असतो.

अर्थात जोखणं वेगळं आणि न पाहताच नाकारणं वेगळं. ‘डॉक्टर हू’च्या इतिहासात दोन्ही सापडतात. १९८४ मध्ये आलेला कॉलिन बेकर यांचा डॉक्टर लोकांनी पाहून नाकारला, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पहिल्याच कथेत त्यानं आपल्या सोबतिणीचा गळा आवळला. कपडे ठिगळाठिगळांचे, बोलणं उर्मट. हळूहळू हा माणूस उलगडत जाईल अशी योजना होती, पण प्रेक्षकाला ‘तोच आहे’ असं वाटायला जो एक धागा लागतो तो लेखकांनी दिला नाही. नट चांगला होता. पुढे ध्वनिनाट्यांत त्याच भूमिकेत त्यांनी खूप प्रेम मिळवलं. चाहत्यांच्या मोठ्या जनमतात मात्र ती पहिली कथा अगदी तळाला गेली. निवाडा लेखनाचा होता, भोगला नटानं.

१६ जुलै २०१७ रोजी, विम्बल्डनची पुरुषांची अंतिम लढत संपल्यावर, जोडी व्हिटेकर ही नवी डॉक्टर असल्याचं जाहीर झालं. पहिल्यांदाच स्त्री. तेव्हा तिचा एकही भाग कोणी पाहिला नव्हता, तरी मतं तयार होती. खुद्द आधीचे डॉक्टर पीटर डेव्हिसन म्हणाले की मुलग्यांसमोरचा एक आदर्श गेला याची त्यांना थोडी खंत वाटते. त्यांचं हे म्हणणं खोडून काढलं कॉलिन बेकर यांनी, ज्यांना स्वतःला हा निवाडा सर्वांत कडक भोगावा लागला होता. ७ ऑक्टोबर २०१८ च्या तिच्या पहिल्या भागाला ब्रिटनमध्ये एक कोटीहून जास्त प्रेक्षक मिळाले. पुढे तिच्या कथांवर टीका झाली, ती बरीचशी पाहून झाली, आणि तशी ती व्हायलाच हवी. त्यानंतर रवांडात जन्मलेला, स्कॉटलंडमध्ये वाढलेला शुटी गाटवा आला. ३१ मे २०२५ च्या भागात त्याच्या जागी बिली पायपरचा चेहरा उमटला आणि प्रेक्षक चक्रावले, कारण तिला त्यांनी २००५ मध्ये डॉक्टरची सोबतीण रोझ म्हणून जीव लावला होता.

नव्या नटाला काय करावं लागतं, याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण मॅट स्मिथचं. जानेवारी २००९ मध्ये त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा तो २६ वर्षांचा होता, तोवरचा सर्वांत लहान डॉक्टर. आधीचा डेव्हिड टेनंट लोकांच्या गळ्यातला ताईत, त्यामुळे ‘हे पोरगं कोण?’ हा प्रश्न सगळीकडे. स्मिथ जुन्या कथा पाहायला बसला आणि ट्राउटन यांच्या १९६७ च्या ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ या कथेवर अडकला. ते विस्कटलेपण, तो बावळटपणाआडचा धूर्तपणा त्यानं मनापासून उचलला. गळ्यातला बोही त्याच वळणाचा हट्टानं मागून घेतला. चार भागांची ती कथासुद्धा बीबीसीनं पुसून टाकली होती. तिच्या प्रती हाँगकाँगमध्ये सापडल्या आणि १९९२ च्या सुरुवातीला लंडनला परत आल्या, तेव्हा स्मिथ नऊ वर्षांचा होता.