उद्यानगमन : डिस्नेलँडमधील एक वासंतिक दिवस

वात्स्यायनानें नागरकाच्या करमणुकी सांगतांना 'उद्यानगमन' हा एक स्वतंत्र प्रकार गणला आहे. सकाळींच नटूनथटून सोबत्यांसह नगराबाहेरील उद्यानांत जावयाचें, दिवस खेळांत घालवावयाचा आणि परततांना त्या उद्यानाची कांहींतरी खूण अंगावर मिरवीत घरीं यावयाचें, असा तो बेत असे. हर्षाच्या 'रत्नावली' नाटिकेचा प्रारंभच वसंतोत्सवाच्या गजबजाटानें होतो. अकराव्या शतकांतील भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथांत तर यंत्रांच्या प्रकरणांत फिरत्या पाळण्यांचे पांच प्रकार वर्णिले असून त्यांपैकीं एकाचें नांव 'वसंत' व दुसऱ्याचें 'वसंततिलक' असें आहे. तेव्हां वसंत ऋतूंतील एक अख्खा दिवस केवळ खेळास वाहणें ही कांहीं पाश्चात्यांनीं शिकविलेली चैन नव्हे. प्रौढ माणसांनींही खेळावें, हा विचार आपल्या पूर्वजांस परका नव्हता; तो मध्यंतरीं आपल्या घरांतून कोठें नाहींसा झाला, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न मनांत येण्यास निमित्त झालें तें कॅलिफोर्नियांतील अनाहाइम या गांवच्या 'डिस्नेलँड' उद्यानाचें. गतवर्षीं वसंतांत आम्ही उभयतां कन्येकडे गेलों असतां कन्या, जामात व आठ वर्षांचा नातू यांच्यासह एक संपूर्ण दिवस तेथें घालविण्याचा योग आला. अनाहाइम हें नांव महाराष्ट्रीयांस अगदींच अपरिचित नाहीं. २०१५ सालीं बृहन्महाराष्ट्र मंडळाचें अधिवेशन याच गांवीं भरलें होतें. अशा उद्यानांस हल्लीं 'थीम पार्क' म्हणतात. नुसते पाळणे व चक्र्या एका मैदानांत मांडल्या म्हणजे थीम पार्क होत नाहीं. उद्यानाचे निरनिराळे भाग पाडून प्रत्येक भागास एकेक विषय नेमून द्यावयाचा, आणि मग तेथील घरें, झाडें, दिवे, वाद्यें, नोकरांचे पोषाख, फार काय, केराच्या पेट्यासुद्धां त्या विषयास अनुरूप ठेवावयाच्या, ही त्यांतील मुख्य कल्पना होय. नाटकांत नेपथ्याचें जें स्थान तेंच येथें. फरक इतकाच, कीं येथें प्रेक्षक रंगभूमीवरच हिंडत असतो.

या उद्यानाचे जनक वॉल्ट डिस्ने (१९०१–१९६६). मिकी माऊसच्या चित्रपटांमुळें त्यांचें नांव आपल्याकडेही घरोघरीं झालें आहे. त्यांस दोन कन्या होत्या. सुटीच्या दिवशीं ते त्यांस लॉस एंजेलिस शहरांतील ग्रिफिथ पार्क या बागेंत लांकडी घोड्यांच्या चक्रीवर बसावयास नेत. मुली चक्रीवर फिरत आणि वडील बांकावर बसून शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत. मुलांनीं खेळावें व वडिलांनीं बसून रहावें, अशीच सर्व बागांची रचना कां असावी? आईबापांस व मुलांस एकत्र मौज करितां येईल असें एखादें स्थळ कां नसावें? डिस्नेलँडची कल्पना त्या बांकावर सुचली, असें ते स्वतः सांगत. त्या बागेंतील एक बांक पुढें डिस्नेलँडमध्यें आणून जपून ठेवण्यांत आला.

आपल्यापैकीं किती जण या बांकावर बसलेले आहेत, याचा ज्यानें त्यानें विचार करावा! आपल्या घरांतून सहल निघाली, कीं आजोबांकडे पिशव्या, छत्र्या व चपला यांची राखण येते आणि आजींकडे डब्यांची. "मला आतां काय करावयाचा आहे पाळणा?" असें एकदां म्हटलें, कीं वयास शोभेसें बोललों याचें समाधान वाटतें. परदेशीं वाढणाऱ्या नातवंडांच्या बाबतींत तर हें समाधान फार महाग पडतें. वर्षांतून सहा आठवड्यांचा सहवास. त्यांतून शाळेचे दिवस वजा जातां हातीं दहाबाराच उरतात. तेही बांकावर बसून घालविले, तर आजोबा म्हणजे विमानतळावर ज्यांस नमस्कार करावयाचा ते एक गृहस्थ, एवढीच ओळख त्या मुलाच्या मनांत राहते.

डिस्ने यांचा बेत सुखासुखीं सिद्धीस गेला नाहीं. पैसा उभा करण्याकरितां त्यांनीं आपल्या आयुष्याच्या विम्यावर कर्ज काढलें, आणि एबीसी या दूरचित्रवाणी-कंपनीस दर आठवड्यास एक कार्यक्रम देण्याचें कबूल करून तिचें भांडवल मिळविलें. जागा निवडण्यापूर्वीं स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडून लोकवस्ती, हवामान व रस्ते यांचा अभ्यास करविला. संत्र्यांच्या बागांची सुमारें १६० एकर जमीन घेऊन जुलै १९५४ मध्यें कामास आरंभ झाला, आणि अवघ्या एका वर्षांत, सुमारें एक कोटि सत्तर लक्ष डॉलर खर्चून, १७ जुलै १९५५ रोजीं उद्यान उघडलें. पहिला दिवस फजितीचाच ठरला. नकली निमंत्रणपत्रिकांवर हजारों लोक आंत शिरले. उन्हानें नवें डांबर मऊ होऊन स्त्रियांच्या जोड्यांच्या टांचा त्यांत रुतल्या. नळकारागिरांच्या संपामुळें पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. तरीही सात आठवड्यांत प्रेक्षकांची संख्या दहा लक्षांस पोहोंचली. या घाईंतही एक गोष्ट विसरली गेली नाहीं. जमीन विकणाऱ्या एका कुटुंबानें १८९६ सालीं लाविलेलें खजुराच्या जातीचें एक झाड राखावें, अशी विनंती केली होती. तें मुळांसकट उचलून उद्यानांतच दुसरीकडे लाविलें. तें अद्याप तेथें उभें आहे.

उद्यानाभोंवतीं मातीचा उंच बांध घालून त्यावर झाडी वाढविली आहे, त्यामुळें आंत गेल्यावर बाहेरचें जग दृष्टीआड होतें. कडेनें वाफेच्या एंजिनाची आगगाडी उद्यानास प्रदक्षिणा घालते. आंत प्रथम लागते ती विसाव्या शतकाच्या आरंभींच्या एखाद्या लहान अमेरिकन गांवची पेठ. डिस्ने यांच्या बाळपणाचीं कांहीं वर्षें मिसूरी संस्थानांतील मार्सेलीन गांवीं गेलीं, त्यांची ही आठवण. पेठेच्या टोंकास चौक व त्यापलीकडे राजकन्येचा किल्ला. चाकाच्या तुंब्यापासून आरे फुटावे तसे या चौकांतून निरनिराळ्या विभागांस रस्ते जातात. किल्ला दिसतो मोठा भव्य. उंची मात्र अवघी ७७ फूट! खालचे दगड मोठे व वरचे क्रमाक्रमानें लहान केल्यामुळें वरचा भाग फार दूर असल्याचा भास होतो. स्वित्झर्लंडमधील मॅटरहॉर्न शिखराची येथील प्रतिकृति १४७ फूट उंच. १९५९ सालीं तिच्या पोटांतून पोलादी नळ्यांच्या रुळांवर धावणारी चढउतारांची गाडी सुरू झाली.

"म्हणजे सारें खोटेंच कीं!" असें कोणी म्हणेल. त्यास आपल्या साहित्यशास्त्रानें पूर्वींच उत्तर दिलें आहे. शंकुकाच्या चित्रतुरगन्यायाप्रमाणें, चित्रांतील घोडा पाहणारा त्यास खराही समजत नाहीं व खोटाही म्हणत नाहीं. तो त्याचा आस्वाद घेतो. आठ वर्षांच्या मुलास हा न्याय शिकवावा लागत नाहीं. शिकवावा लागतो तो आपणां मोठ्यांस.

आमच्या भेटीचा दिवस एप्रिल महिन्यांतला होता. सकाळीं आकाशांत ढगांचें आच्छादन होतें. दहाच्या सुमारास तें विरलें आणि आपल्याकडील मार्गशीर्षासारखें कोंवळें ऊन पडलें. प्रवेशद्वारापाशींच फुलांच्या ताटव्यांतून मिकीचा हंसरा चेहरा साकारलेला आहे. स्वतःपुरते खाद्यपदार्थ बरोबर नेण्यास तेथें मज्जाव नाहीं, म्हणून घरच्या दशम्या व दाण्याची चटणी नेली होती. ती मंडळींनीं सांवलींत बसून मोठ्या आवडीनें खाल्ली.

प्रथम आगगाडींतून प्रदक्षिणा केली. मग १९६३ सालीं बांधलेला यांत्रिक पक्ष्यांचा मंडप पाहिला. तेथें छताशीं टांगलेले पोपट चोंच हलवून बोलतात व गातात. भोजराजाच्या ग्रंथांतही गाणारे व नाचणारे कृत्रिम पोपट आहेत, असें नातवास सांगतांच त्यानें विचारलें, "मग ते आतां कोठें आहेत, आजोबा?" पुस्तकांत आहेत, असें उत्तर दिलें, त्यावर "मग आपण करूं या कीं!" असा त्याचा निकाल. १९६४ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनाकरितां केलेली व १९६६ सालीं येथें आणलेली बाहुल्यांची सृष्टि नौकेंतून पाहतां येते. देशोदेशींच्या बाहुल्या एकाच सुरावर नाचत असतात. ताजमहाल दिसतांच नातवानें आजीचा हात ओढला. एका नौकेंत तीन पिढ्या, आणि बांकावर कोणी नाहीं, असा तो प्रसंग होता.

मॅटरहॉर्नच्या गाडीकरितां किमान ४२ इंच उंची लागते. उंचीच्या खुणेपाशीं उभें राहतांना मुलें मान किती ताठ करितात, तें पाहण्यासारखें असतें! सौभाग्यवतींनीं गुडघ्यांमुळें नौका व आगगाडी यांवरच समाधान मानलें होतें; कन्या व जामात त्यांच्यापाशीं थांबले. डॉक्टरांची अनुज्ञा घेतलेली असल्यामुळें प्रस्तुत लेखक नातवासह रांगेंत उभा राहिला. रांग उणीपुरी तासाभराची होती. हा तास या दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग ठरला.

आमच्या नातवास मराठी समजतें, परंतु उत्तर इंग्रजींत येतें. वेळ घालविण्यासाठीं शब्दांच्या भेंड्या काढल्या : एकाच्या शब्दाचें शेवटचें अक्षर तें दुसऱ्याच्या शब्दाचें पहिलें. आरंभीं तो अडखळला. 'रांग' हा शब्द पुढें ठेवला, तेव्हां त्यास 'ग' वरून कांहीं सुचेना. तोंच डोंगराच्या पोटांत गाडीचा आवाज झाला, आणि तो ओरडला, "गडगडाट!" आतां 'ट' ची पाळी आली. 'टकमक' म्हटलें व रायगडाच्या टकमक टोंकाचें वर्णन करून सांगितलें. पुढें गाडी अंधारांतून वर चढली व एकदम खालीं सुटली, तेव्हां त्यानें हात घट्ट धरून आरोळी दिली, "आजोबा, टकमक!" त्या दिवशीं तो जितकें मराठी बोलला, तितकें आधींच्या तीन आठवड्यांत बोलला नव्हता. गाडींत बसणें दोनतीन मिनिटांचें. बोलणें मात्र तासाभराचें. ज्यास आपण ताटकळणें म्हणतों, तोच खरा सहवास होता.

रांगेची योजनाही लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ती कठड्यांमधून नागमोडी फिरविलेली असते, म्हणून कोणास मध्यें घुसतां येत नाहीं व पाय सतत थोडे थोडे पुढें पडतात. किती वेळ लागेल, तें आरंभींच फलकावर लिहिलेलें असतें. मूल उंचींत कमी पडलें, तर आई त्याच्यापाशीं थांबते, वडील जाऊन येतात, आणि मग आईस पुन्हां रांग न लावतां जातां येतें. शिस्त जितकी माणसाच्या स्वभावांत असते, तितकीच ती जागेच्या योजनेंतही असते. आपल्या देवस्थानांच्या व जत्रांच्या व्यवस्थापकांनीं याचा अवश्य विचार करावा.

दुसरी बाजू सांगितल्यावांचून हें वर्णन पुरें होणार नाहीं. १९५५ सालीं प्रौढ माणसास प्रवेशाचा एक डॉलर व मुलास अर्धा डॉलर पडे. खेळांचीं तिकिटें निराळीं. आतां प्रवेशांतच खेळ येतात, पण माणशीं शंभर डॉलरांहून अधिक मोजावे लागतात; तीन वर्षांच्या मुलासही तिकीट आहे. पांच माणसांच्या कुटुंबास एका दिवसाचे चाळीस हजार रुपयांहून अधिक होतात. शिवाय २०२१ पासून जादा पैसे देणारास रांगेचा बराचसा भाग टाळण्याची सोय झाली आहे. रांगेंत सर्व सारखे, हा या स्थळाचा एक मोठा गुण. त्यास यामुळें उणेपणा येतो, असें आमचें स्पष्ट मत आहे. प्रत्येक खेळानंतर वाट दुकानाजवळूनच जाते, हेंही आईबापांनीं घरून निघतांनाच मुलांस सांगून ठेवावें, व काय घ्यावयाचें तें आधीं ठरवावें.

परंतु या दिवसाचें जें फळ, त्यास कॅलिफोर्नियाचें तिकीट लागत नाहीं. मुंबई-पुणें रस्त्यावर खोपोलीजवळ २०१३ सालीं याच धर्तीचें एक उद्यान निघालें आहे. तेंही परवडत नसेल, तर गांवच्या जत्रेंतील उंच पाळणा कोठें गेला आहे? प्रकृतीस झेपेल तेंच करावें, हें सांगावयास नको. हृदयविकार किंवा पाठीचें दुखणें असणारांनीं वेगाच्या गाड्यांच्या वाटेस जाऊं नये. त्यांच्याकरितां नौका आहे, आगगाडी आहे, आणि कांहींच जमलें नाहीं तरी रांगेंत सोबत उभें राहून भेंड्या खेळणें आहेच. येत्या सुटींत नातवंडें घरीं येतील, तेव्हां पिशव्यांची राखण एखाद्या तरुण जांवयाकडे द्यावी आणि पाळण्याच्या रांगेंत आजीआजोबांनीं उभें रहावें. मुलांस खेळावयास नेणें हें आपलें अर्धेंच काम होय. त्यांच्यासह खेळणें हें उरलेलें अर्धें.