पिन बसली, चित्र कुठंय?

"भाऊ, पिन तं बसी गयी, मंग चित्र काबर दिखस नही?" साक्री तालुक्यातल्या एका गुरुजींचा फोन. धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या, तेव्हापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर तोंडपाठ आहे. कुणी जुना कॉम्प्युटर देतो, कुणी जुना टीव्ही, आणि दोघांना जोडायला गुरुजी स्वस्तातली वायर आणतात: एका टोकाला 15 पिनांचं व्हीजीए, दुसऱ्या टोकाला लाल, हिरवी, निळी पिन. गुरुजींनी लाल पिन टीव्हीच्या लाल भोकात घातली होती. अहो, ती आवाजाची जागा! आणि व्हीजीएतून आवाज जातच नाही.

गैरसमज एकच: पिन बसली की चित्र यायलाच हवं. नाही येत. व्हीजीए आयबीएमने 1987 साली आणलं. त्यात लाल, हिरवा, निळा हे रंग तीन वेगळ्या तारांतून जातात आणि 640×480 ला सेकंदाला सुमारे 31,500 रेषा निघतात. आपला जुना पाल टीव्ही सेकंदाला 15,625 रेषा घेतो, त्याही आधी एकाआड एक, मग उरलेल्या. खोटं वाटत असेल तर आयटीयूच्या बीटी.470 शिफारशीत आकडा पाहा. शिवाय टीव्हीत चित्र घेणाऱ्या पिवळ्या पिनेला सगळे रंग एकाच तारेत गुंफून लागतात. हे काम तांब्याची तार कशी करणार? नरसाळ्यात ज्वारी-उडीद ओतले म्हणून खालून कळण्याचं पीठ पडत नाही, जातं लागतं. इथलं जातं म्हणजे कन्व्हर्टर, वीज लागणारी डबी.

मग ती वायर विकतात कशाला? काही प्रोजेक्टरना चालते. तुमच्या टीव्हीला नाही.

म्हणून जळगावच्या गोलाणी मार्केटात गेलात तर "केबल द्या" म्हणू नका. कशातून कशात जायचंय ते सांगून कन्व्हर्टर मागा. व्हीजीए टू एचडीएमआयची डबी उलटी लावून चालत नाही. पिवळ्या पिनेला चित्र देणाऱ्या एव्ही डबीच्या कडेला सहसा पाल-एनटीएससीचा बारीक खटका असतो, तो पालवर ठेवा. नाहीतर टीव्हीवर चित्र कृष्णधवल येतं किंवा वरखाली पळतं.

बाकीचे गैरसमज झटपट. सोन्याचा मुलामा दिलेल्या एचडीएमआय केबलने रंग खुलत नाहीत. लॅपटॉपच्या एचडीएमआयमध्ये सेट-टॉप बॉक्स जोडून रेकॉर्डिंग होत नाही; ते भोक सहसा फक्त बाहेर देणारं असतं, आत घ्यायला कॅप्चर कार्ड लागतं. प्रत्येक टाइप-सीमधून चित्र निघत नाही. पैसे भरून पाहायचा सिनेमा रेकॉर्डरमध्ये काळा दिसला तर तो बहुधा नक्कलबंदीचा पहारा, वायरीचा दोष नव्हे.

गुरुजींचा परवा पुन्हा फोन: चित्र आलं, पण खालची पट्टी कापली जाते. टीव्हीच्या पिक्चर मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' आहे का पाहा म्हटलं. रिमोट मुख्याध्यापकांच्या कपाटात होता.