नेच्यांचे वेड

नेच्याला फूल नाही, फळ नाही, बीही नाही; मग त्याचा वंश चालतो कसा? ब्रिटनच्या ओलसर रानांतील ‘लेडी फर्न’ हा नेचा पाहावा. त्याच्या पानाच्या पाठीवरील तपकिरी पुंजक्यांतून धुळीसारखे बीजाणू गळतात. पण बीजाणूतून थेट नेचा उगवत नाही. आधी नखाएवढा, हृदयाकृती, हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावरील पुंबीज पाण्यात पोहत जाऊन अंडपेशीला मिळते, तेव्हाच नवे रोप जन्मते. ओलावा हा नेच्याचा शौक नव्हे, तो वंशाचा आधार होय.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना नेच्यांचे वेडच लागले. चार्ल्स किंग्जलीने १८५५ मध्ये त्याला ‘टेरिडोमेनिया’ असे नाव दिले. १८६१ मध्ये स्कॉटलंडात लेडी फर्नचा फुलीफुलीच्या पानांचा ‘व्हिक्टोरिए’ हा प्रकार सापडला. बीजाणूंपासून तो हुबेहूब निपजत नाही. गड्डा फोडूनच वाढवावा लागतो. म्हणून मूळ रोपाला मोल आले, आणि रानांवर धाड पडली.

१८५५ मध्येच हेन्री ब्रॅडबरीने खरे नेचे शिशाच्या मऊ पत्र्यावर दाबून, त्या ठशांवरून शिरनशीर दाखवणारी चित्रे छापली. परंतु चित्रांनी हाव भागली नाही. किलार्नी फर्न तर इतका उपटला गेला की, आज ब्रिटनमध्ये त्याला कायद्याचे संरक्षण आहे.

आपल्या सह्याद्रीतील पाझरत्या दरडींवरच्या हंसराजालाही हाच नियम लागू आहे. त्याचे चित्र जरूर काढावे. मूळ मात्र दरडीतच राहू द्यावे.